विजेची गाडी आणि आमचे बैल

माझ्या लहानपणी आमच्या गावापुढे मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. दर उन्हाळ्यात ते आपली विजेवर चालणारी मोटार शिडाच्या पडावात घालून मांडव्याच्या बंदरात उतरवायचे. गाडीच्या पोटात मुंबईहून भरून आणलेल्या बॅटऱ्या असत. आमच्याकडे वीज म्हणजे आभाळात कडाडते तेवढीच, त्यामुळे बॅटरी उतरली की गाडी जागीच बसायची. पहिल्या वर्षी ती बंदरापासून हाकेच्या अंतरावर बसली. माझे बाबा बैल घेऊन गेले आणि तिला ओढत घेऊन आले. बैलांना दम खायला आमच्या दारात थांबवलं, तेव्हा आईने शेठना तांब्याभर ताक दिलं. मग दर वर्षी तेच ठरून गेलं.

पुढच्या वर्षी नवी बॅटरी आली आणि गाडी चिंचेपर्यंत पोचली. मग विहिरीपर्यंत. आम्ही पोरी टाळ्या पिटायचो. एकदा तर ती नेमकी आमच्या दारातच बसली. बाबा खूश होऊन म्हणाले, "व्हय शेठ, याला म्हणतात सुधारणा! आता बैलांना लांब न्यायला नको."

त्याच्या पुढल्या वर्षी मात्र गाडी आमच्या दारावरून न थांबता थेट बंगल्याकडे गेली. बाबांनी जुंपून ठेवलेले बैल सोडले. मला त्या नव्या बॅटरीचा असा राग आला!

अर्ध्या तासाने शेठ भर उन्हात पायी येताना दिसले. बाबा जू उचलून धावले. "कुठं बसली?"

"बसली नाही हो, पोचली," शेठ पडवीत टेकत म्हणाले. "पण माझं ताक राहिलं ना!"