काकूंचा अडुसष्ट नंबर

काकू अमेरिकन फुटबॉल कधी बसून बघत नसत. ओहायोतल्या डब्लिनमधल्या त्यांच्या घरात सोफा रिकामा, आणि काकू टीव्हीसमोर येरझारा घालताहेत. त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला आले तेव्हा मला वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय.

बॉल कुठे आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्या बघत लाइनमन: बॉल फेकणाऱ्यापुढे भिंत होऊन उभे राहणारे धिप्पाड गडी. "बॉल काय, कुणीही बघेल. पाय बघ, पाय!"

ऑगस्टमधल्या सराव-सामन्यांत त्यांची घालमेल वाढे. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या, पहिल्याच फेरीत उचललेला नवा मुलगा सुरुवातीलाच मैदानात उतरे. कुठल्याच संघाने न निवडलेला, नुसता चाचणीपुरता बोलावलेला अडुसष्ट नंबर मात्र शेवटच्या क्वार्टरमध्ये, निम्मं स्टेडियम घरी गेल्यावर. पहिला आडवा झाला की समालोचक म्हणे, "शिकतोय." अडुसष्टचा पाय एकदाच घसरला, तर म्हणाला, "म्हणूनच याला कुणी घेतलं नाही."

"ऐकलंस? एकाला शिकवणी, दुसऱ्याला परीक्षा!" काकू कडाडल्या. विद्यापीठाच्या लॅबमध्ये त्या कित्येक वर्षं काँट्रॅक्टवर होत्या; त्यांच्या हाताखाली शिकलेले तिथेच पर्मनंट झाले होते. मी तावातावाने व्यवस्थेवर बोलू लागले. "भाषण नंतर दे गं. तो बघ, कसा रोवून उभा राहिलाय!" मी लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचत आले. पण अन्याय इतका उघडा मला कुठल्याच पत्रकात दिसला नव्हता, जितका समालोचकाच्या त्या दोन वाक्यांत दिसला.

संघातून नावं कमी करायच्या दिवशी काकू दर थोड्या वेळाने फोन बघत होत्या. संध्याकाळी कळलं: पहिल्या फेरीचा राहिला, अडुसष्टला घरी पाठवलं. काकूंनी टीव्ही बंद केला आणि चक्क सोफ्यावर बसल्या.

"काकू, पुढच्या वर्षी येईल तो."

"अशांना पुढचं वर्ष कोण देतं गं?"

त्याच हिवाळ्यात काकूंचं काँट्रॅक्टही संपवलं. घर विकून त्या आपल्या मुलीकडे रेडमंडला गेल्या.

परवा त्यांचा फोन आला. "मॅच लावलीस? यंदा कोण?"

"एकाहत्तर. यालाही कुणी ड्राफ्ट केलेलं नाही."

"पाय?"

"घट्ट रोवलेत."

बोलता बोलता मी माझ्या सोफ्यावर टेकले. तो करकरला असावा.

"बसलीस?" काकू ओरडल्या. "तो उभा आहे ना अजून? मग ऊठ!"