दिवाणजीच्या कानावरचा थेंब

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच माणूस आहे. सावली गावाजवळच्या खेड्यातलं अंगण, शेणानं सारवलेलं. मधोमध पोत्यावर लटारू बसला आहे आणि त्याच्या मांडीवर एक करडा, म्हातारा बोका. सकाळचं ऊन दोघांवर सारखंच पडलं आहे. लटारू गरम पाण्यात फडका बुडवतो, पिळतो, बोक्याच्या कानावर धरतो आणि कुजबुजतो, "झालंच, दिवाणजी. हालू नोको."

मी फाटकात उभा आहे. त्याचं लक्ष नाही.

या माणसाला झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, कुठल्याही जाहिरातीत तुम्ही पाहिलेलं नसणार. तो आमच्या नाटक मंडळाचा पडदेवाला. राजे आम्ही, खलनायक आम्ही. दोरी त्याच्या हातात. माझ्या प्रवेशाला टाळी पडायची त्यातली अर्धी त्याची होती, कारण प्रेक्षकांना किती ताटकळत ठेवून पडदा उघडायचा हे त्यालाच कळे. दिवाळीनंतर प्रयोग, ऊन तापलं की ते बंद, मग धानाची मजुरी. लग्न राहून गेलं. "सीझनमदी पोरगी पाहाले कोण जाईल जी?" असं म्हणायचा. सीझन संपल्यावरही जायचा नाही.

बोका एका प्रयोगानंतर पोशाखांच्या पेटीत सापडला, दिवाणाच्या अंगरख्यावर झोपलेला. नाव तिथंच ठरलं. लटारूनं दोरी सोडली तेव्हा कपड्यांची पिशवी आणि हा बोका एवढंच घेऊन तो गावी परतला. भाऊबंद केव्हाच पांगले होते. घरात बोलायला तेवढा दिवाणजी.

मग बोका घटाघटा पाणी पिऊ लागला. खायचा भरपूर आणि वाळत चालला. तो मुतला की तिथं मुंग्या जमायच्या. लटारूनं त्याला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गाई-बकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला.

"काऊन जी, हा दूध देते का?" पुढच्या बकरीवाल्यानं विचारलं.

"देत नाई. पितेच फक्त."

डॉक्टर नंदिनी मात्र हसल्या नाहीत. "काका, याला शुगर आहे. रोज दोनदा इंजेक्शन द्यायचं. पण त्याआधी घरीच रक्त तपासायचं, कानाच्या कडेचं. साखर कमी असली तर सुई अजिबात टोचायची नाही. तशात टोचली तर जीव जाईल त्याचा."

शेवटचं वाक्य लटारूच्या डोक्यात रुतून बसलं. माणसांसाठी असतं तेच साखर मोजायचं मशीन त्यानं घेतलं. औषधाची बाटली शेजारच्या पुनमच्या फ्रिजमध्ये राहू लागली. पुनम आरोग्य उपकेंद्रात नर्स. पहिल्या दिवशी सुई कानातून आरपार गेली आणि लटारूच्याच अंगठ्यात घुसली. "माही शुगर बेस निंगाली," तो मला सांगत होता. कान आधी शेकायचा, मागून कापसाचा बोळा लावायचा, हे हळूहळू जमलं. थेंब केसांत पसरून जाई, म्हणून तो नखावर उचलून पट्टीला लावायची युक्तीही त्यानं शोधली.

त्या युक्तीनंच घात केला असता.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. लटारू पहाटेच फुलं वेचायला गेला आणि उन्हं वर आल्यावर परतला. उशीर झाला म्हणून उपाशी बोक्याला मांडीवर घेऊन तसाच बसला. टोचलं, थेंब नखावर घेतला, पट्टीला लावला. आकडा आला चारशेच्या वर. त्यानं औषध सुईत भरलं. पण दिवाणजीची मान मांडीवरून घसरत होती. खाली ठेवला तर मागचे पाय लटपटले. साखर चढल्यामुळंच हे होतंय असं लटारूला वाटलं. थोडं जास्त औषध देऊ का, हे विचारायला त्यानं डॉक्टरबाईंना फोन लावला.

"बाई, चारशेच्या वर गेली. अन् हा मोहाची पेल्यावानी झुलून राह्यला."

"थांबा! झुलतोय? सुई बाजूला ठेवा आधी. सकाळपासून काय करत होतात तुम्ही?"

"मोहा येचून आलो जी."

"हात धुतले होते?"

लटारूनं बोटं एकमेकांना लावून पाहिली. ती चिकटली. फुलांतली सगळी साखर नखात बसली होती आणि मशीननं तीच मोजली होती.

त्यानं साबणानं हात खरडून धुतले आणि पुन्हा टोचलं. अडतीस. "गुळाचं पाणी लावा हिरड्यांना, लवकर!" बाई फोनवर ओरडल्या. तो बोटानं गुळाचं पाणी चोळत राहिला, बोक्याशी बोलत राहिला. किती वेळ ते त्याला सांगता आलं नाही. शेवटी दिवाणजीनं त्याचं बोट चावलं. "एवढं गोड कोणी चावलं नाई मले," तो मला म्हणाला. हसायला गेला आणि हसू अर्ध्यात राहिलं.

मी गेलो होतो आमंत्रण घेऊन. वडसा इथं जुन्या कलावंतांचा मेळावा, दोन दिवसांचा. पडदेवाल्याला रंगमंचावर बोलावून शाल द्यायची, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. त्याला ते आवडलं. शाल कोणत्या रंगाची हेही त्यानं विचारलं. मग मांडीकडं पाहून म्हणाला, "नाई जमत, भाऊ. याची सुई हाये."

"अरे, दोनच दिवस. पुनम देईल की. ती तर नर्स आहे."

"तिनं म्हटलं होतं. शिकवा म्हणे काका, कधी कामी पडन."

"मग?"

"हा दुसऱ्याच्या हातून टोचून घेत नाई."

दिवाणजी त्याच्या मांडीवर कान पुढं करून पडला होता. इतका निवांत, की मीही टोचलं असतं तरी हलला नसता.

"कोणी टोचून पाहिलं का लटारू, कधी तरी?"

तो बराच वेळ बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. प्रेक्षकांना ताटकळत ठेवायचा, तसाच.

"नाई जी," तो म्हणाला. "मी कोणाले टोचू देल्लंच नाई."