शेषाद्रींचा अभिप्राय

चेन्नईजवळच्या तांबरममधल्या एका अर्थशास्त्राच्या त्रैमासिकात चंद्रमौळी राव सव्वीस वर्षं कारकुनी करतोय. तिथला रिवाज असा, की लेख आला की तो दोन जाणकारांकडे तपासायला जायचा. लेखक कोण हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, परीक्षक कोण हे लेखकाला. दोन्ही नावं ठाऊक एकट्या चंद्रमौळीला. कुठल्या प्राध्यापकाने नकळत आपल्याच व्याह्याचा लेख फाडून खाल्ला, सगळं याच्या पोटात. बायको तुळसी चिडवायची, "अहो, एवढं पोटात ठेवून वर जेवता तरी कसे?" हा पठ्ठ्या हसायचा आणि आणखी रसम मागायचा.

मार्चमध्ये शेषाद्री वारले. परीक्षकांत सगळ्यांत खडूस म्हातारा. चंद्रमौळी स्मशानात जाऊन आला, पण यादीतलं त्यांचं नाव खोडायला काही त्याचा हात धजेना. जूनमध्ये संयुक्ता नावाच्या तरुण प्राध्यापिकेचा लेख आला, पुरानंतर वेलचेरीत घरभाडी किती उतरली यावर. सवयीने याने तो शेषाद्रींनाच धाडला. चूक लक्षात येईतो उत्तर येऊन पडलेलं, आणि नव्या संगणकाने ते परस्पर लेखिकेला पोचवलेलंही.

एकच ओळ होती: "घरं ४१२ पाहिलीत, लेखात ३९८. चौदा कुठे गेली?"

चंद्रमौळीने लेख दोनदा वाचला. ४१२ हा आकडा त्यात कुठेच नव्हता.

दुपारी संयुक्ताचा फोन आला. "सर, त्या चौदा घरांचे कागद मी फाडले. तिथे भाडी उतरलीच नव्हती. हे कुणालाही ठाऊक नाही. परीक्षक कोण आहेत?"

"ते सांगत नसतात, अम्मा."

"हा लेख छापला नाही तर माझी नोकरी कायम होत नाही, सर."

चंद्रमौळीला राहवेना. तो उठून संपादक विद्याधरांकडे गेला. ते मे महिन्यात नागपूरहून आलेले, शेषाद्रींना कधी पाहिलेलंही नाही.

"साहेब, चूक माझी. शेषाद्री जाऊन तीन महिने झाले. तो अभिप्राय रद्द करा."

विद्याधरांनी चष्मा काढला. "राव, थट्टा करता की काय? सकाळीच त्यांचा फोन होता. म्हणाले, चंद्रमौळी माझं नाव खोडायला येईल, खोडू देऊ नका."

"आणखी काय म्हणाले?"

"नीट ऐकू येईना हो. मागे कुणीतरी आकडे मोजत होतं. चारशे दहा, चारशे अकरा..."

चंद्रमौळी जागेवर आला आणि त्याने संयुक्ताला फोन लावला. "अम्मा, ती चौदा घरं परत घाल. नोकरीचं मागाहून बघू."



"आत्ता त्याच घरांपुढे उभी आहे, सर," ती म्हणाली. "नोकरी जाऊ दे. पण दारं मोजतेय, तर पंधरा भरतायत. पंधराव्यावर शेषाद्री म्हणून पाटी आहे."