पाहुण्यांचं पाणी

अल्फिया नदाफ माझी जुनी विद्यार्थिनी. जतच्या बाजारात तिच्या वडिलांचं, वजीरभाईंचं, गाद्यांचं दुकान आहे. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी ही मुलगी ते उलटं करून पडताळायची आणि पेपर सगळ्यांच्या शेवटी द्यायची. आता ती रसायनशास्त्रात संशोधन करते.

गेल्या उन्हाळ्यात शोधनिबंधाचा मसुदा घेऊन आली. "इंग्रजी तेवढं बघा, सर," म्हणाली. विषय होता तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड, ज्यानं मुलांचे दात खराब होतात. एका नियतकालिकाच्या विशेषांकासाठी तो आठवड्याभरात पाठवायचा होता. तिथं स्वीकारला गेला की पीएचडीचा प्रबंध सादर करता येणार होता.

मी स्वल्पविराम बघत होतो. ती एका तक्त्यावर बोट ठेवून बसली होती.

"सर, सीमेवरच्या या गावाच्या सहाही विहिरी निर्दोष, आणि आकडे जवळजवळ सारखे. पाण्याला एवढी शिस्त असते होय?"

तिनं मार्गदर्शकांना फोन केला. "आकडे प्रयोगशाळेचेच आहेत ना? मग पाठवून दे," ते म्हणाले.

तिनं पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या गावी गेली. विहिरींवरून बाटल्या भरून आणायचं काम तिथल्या रंगूबाईंनी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

"मावशी, बाटल्या कुठं भरल्या होत्या?"

"कुठं म्हंजे? घरात. पाहुण्यांसाठी टँकरचं गोडं पाणी येगळं ठिवतो आमी. त्यातलंच दिलं."

"आणि विहिरीचं?"

"आगं, लांबून आलेल्या पोरीला हिरीचं मचूळ पाणी भरून द्यायचं? लोकं शेण घालतील माज्या त्वांडात!"

"पण ते प्यायला नव्हतं, तपासायला होतं."

"व्हय की. तपासायचं म्हनूनच चांगलं दिलं!"

अल्फिया हसली, आणि मग बोटांवर दिवस मोजू लागली. नवे नमुने घेतले तर विशेषांकाची तारीख हुकणार होती. हे गाव वगळून वेळेत पाठव, असं मीच सुचवलं.

"वगळलं तर इथल्या पाण्याचं कुणाला कळणार, सर?"

सहाही विहिरींचं पाणी तिनं स्वतः शेंदून घेतलं. तपासणीत फ्लोराइड भरपूर निघालं. तोवर तारीख गेली, मार्गदर्शक रागावले, आणि प्रबंध पुढच्या वर्षावर पडला.

लेख दुसरीकडे पाठवण्याआधी ती रंगूबाईंना निकाल सांगायला गेली. मीही होतो.

"म्हंजे आमच्या हिरी वाईटच म्हनायच्या?"

"हो मावशी. आणि छापून आलं की गावाचं नाव येईल."

रंगूबाईंनी पदर खोचला. "येऊ दे. खरं हाय तर लिव. पर बाटल्या मी भरल्या, ते नगं लिवू."

"तुमचं नाव नाही लिहीत. पण पहिल्यांदा पाहुण्यांचं पाणी आलं होतं, एवढं सांगावं लागेल."

"मग आमी पाहुण्याला गोडं पाणी देतो, हेबी लिव!"

तिनं तेही लिहिलं. त्या परिच्छेदाचं इंग्रजी मी तपासलं. काही बदलावं लागलं नाही. लेख गेला आहे. उत्तर अजून यायचं आहे.