गटाराची रंगपंचमी

यंदा रहाडीजवळून, म्हणजे रंगपंचमीच्या हौदाजवळून जाताना उकळलेल्या फुलांचा वास आला आणि जुन्या नाशकातली एक दुपार आठवली. कुठेतरी गटाराचा पाइप फुटून गल्लीच्या विहिरीत घाण उतरत होती. गळती सापडली नाही, तर विहीर संध्याकाळी बुजवणार होते.

ड्रेनेजचे कामगार युसूफचाचा रहाडीतला रंग बादलीने एकेका चेंबरमध्ये ओतून वाट पाहत होते.

"गटारालाही रंगपंचमी का, चाचा?" विहिरीशेजारी राहणाऱ्या शेवंताबाईंनी टोमणा मारला.

"भाभी, तुम्ही फक्त विहिरीत बघा."

तिसऱ्या चेंबरनंतर शेवंताबाईच ओरडल्या, "आला! पिवळा आला!"

त्या चेंबरपासून विहिरीकडे खोदलं. हातभर खाली फुटका सांधा मिळाला.

तेव्हा मला ती गंमत वाटली होती. ती चोख तपासणी होती.

विहीर बुजवायला आलेला मुरमाचा ट्रॅक्टर भरलेलाच परत गेला.