कोंडिरामबाबांचं वाचन आणि सेक्रेटरींचं इतिवृत्त

आमच्या बी विंगमध्ये तळमजल्यावर कोंडिरामबाबा राहतात. मूळचे परभणीकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं पॉलिशचं काम केलं. शाळा पाहिली नव्हती. जवळच्या खारी गावातल्या बुद्धविहारात धम्माचा ग्रंथ ऐकता ऐकता, ओळीवर बोट ठेवून अक्षर शिकले. तेव्हापासून दर वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ते ग्रंथ वाचतात आणि बाकीचे ऐकतात. यंदाचं एकतिसावं वर्ष.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. विहाराचा जिना चढवेना. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं आणि एकच खोली. म्हणून बाबांनी सोसायटीच्या हॉलमध्ये चटई टाकली. पांढऱ्या कापडावर ग्रंथ, समोर आम्ही सात बायका. ना माईक, ना टाळी.

चौथ्या दिवशी नोटीस लागली. हॉल फक्त सोसायटीच्या कामासाठी, खाली सही सेक्रेटरी हरिश्चंद्र. त्याच हॉलमध्ये आदल्याच आठवड्यात त्यांच्या नातवाचा, पिंटूचा वाढदिवस स्पीकर लावून झाला होता. ते सोसायटीचं काम असावं. आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो. तिथे दुसरी नोटीस: पार्किंगमध्ये वाहनांशिवाय काहीही उभं करू नये.

बाबा म्हणाले, "आपण तर बसलोय की."

हरिश्चंद्रभाऊ कोर्टातून रिटायर झालेले स्टेनो. गिरगावातून इथे आले तेव्हा नियमांची पेटी बरोबर घेऊनच आले. ते खाली आले. "बाबा, हे वाचन बंद करा. लोकांना त्रास होतोय."

"कुणाला व्हतोय, साहेब?"

"लोकांना."

लोक म्हणजे कोण ते नोटिशीत नव्हतं. त्यांच्या मनोरमावहिनी मात्र पहिल्या मजल्याच्या खिडकीतून ओरडल्या, "बाबा, जरा मोठ्याने वाचा ना! मिक्सरच्या आवाजात काल अर्धं गेलं."

मग कमिटी बसली. कमिटीतला उदय वकिली शिकतोय. तो म्हणाला, "काका, पुराव्याशिवाय बंदी टिकणार नाही. वाचन किती वेळ चालतं, काय वाचतात, सगळं रेकॉर्डवर पाहिजे." ठराव झाला: रोजच्या वाचनाची सविस्तर नोंद सेक्रेटरींनी इतिवृत्ताच्या वहीत ठेवावी. आणि त्या नोंदींवरून सर्वसाधारण सभेत वाचन कायमचं बंद करावं.

त्या संध्याकाळी बाबांनी ग्रंथ कापडात बांधला. मला म्हणाले, "पंचशीला, तीस वर्षांत खंड नाही पडला. बायको गेली त्या सांजंलाबी वाचलं. यंदा ग्रंथ अर्ध्यात ऱ्हायला, तर पुढच्या साली कुठल्या तोंडानं उघडू?"

दुसऱ्या संध्याकाळी हरिश्चंद्रभाऊ प्लॅस्टिकची खुर्ची आणि वही घेऊन हजर. बाबा वाचू लागले, भाऊ लिहू लागले. कोर्टाचा हात! आरोपीचं खोकणंसुद्धा न सोडणारा माणूस ग्रंथातला शब्द कसा सोडणार? त्यात बाबांचं वाचन बैलगाडीच्या चालीचं, म्हणजे लिहिणाऱ्याला सोन्याहून पिवळं. पान उलटण्याआधी बाबा थांबायचे. "झालं का साहेब लिहून? जाऊ का म्होरं?"

"थांबा. तृष्णेच्या आधीचं वाक्य परत घ्या."

बाबा आनंदाने परत घ्यायचे. एका वहीच्या तीन वह्या झाल्या. आमच्यातल्या अंबिकाताई हळूच म्हणाल्या, "विरोध करावा तर असा. आम्ही नुसतं ऐकतोय, हे उतरवून घेतायत."

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सभा भरली. बाबा हॉलमध्ये सगळ्यात मागे बसले होते, हातात हात घट्ट धरून. विषय क्रमांक एक: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन: वाचन बंद करणे.

इतर सोसायट्यांत पहिला विषय 'वाचलं असं समजावं' म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतात. आमच्याकडे तसं कधीच नाही. हरिश्चंद्रभाऊंनी वीस वर्षं एक ओळ गाळू दिलेली नाही. गळक्या टाकीचं इतिवृत्तसुद्धा आम्ही उभं-आडवं ऐकलंय. ते उठले, पहिली वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

दहाला सुरू केलेलं बारापर्यंत चाललं. तीन दिवसांच्या नोंदी झाल्या.

उदय रडकुंडीला आला. "काका, दुसरा विषय आधी घेऊ या ना!"

"क्रम म्हणजे क्रम," भाऊ म्हणाले. सभा पुढच्या रविवारवर गेली.

आता गंमत बघा. ठराव होईपर्यंत वाचन चालू. वाचन चालू म्हणून नोंदी चालू. रविवारी भाऊ तीन दिवस संपवायचे आणि आठवड्यात सात दिवस वाढायचे. बंदी घालायला निघालेले विषय क्रमांक एकच्या चिखलात रुतले, आणि ज्यांनी जन्मात ग्रंथाचं पान पाहिलं नव्हतं ते टाकीच्या आणि लिफ्टच्या तक्रारी घेऊन ताटकळत बसलेले सभासद ऐकत राहिले. तिसऱ्या रविवारी ए विंगच्या रसिकाताईंनी विचारलंच, "मागच्या वेळी राजवाडा सोडला, पुढे काय झालं?"

भाऊ म्हणाले, "इतिवृत्तावर चर्चा नको. ऐका."

आश्विन पौर्णिमेला पार्किंगमध्ये बाबांनी शेवटची ओळ वाचली. ग्रंथ कपाळाला लावला, कापडात बांधला. एकतीस पूर्ण. खीर वाटली. भाऊंनी ती उभ्यानेच खाल्ली. बसून खाल्ली असती तर नोंद करावी लागली असती.

पुढच्या रविवारी भाऊंनी स्वतःच क्रम बदलला, कारण पहिला विषय त्यांना निवांत वाचायचा होता. विषय दोन मांडला: वाचन बंद करावे. सगळ्यात आधी हात वर झाला तो कोंडिरामबाबांचा.

"बाबा, तुम्ही?" उदय चक्रावला.

"संपलंय की. करा बंद. आषाढात पुन्हा बघू."

ठराव एकमताने मंजूर. मग भाऊंनी चष्मा पुसला, दुसरी वही उघडली आणि वाचायला लागले. चाळीस सभासदांतला एकही माणूस उठला नाही. मागून बाबांचा आवाज आला, "साहेब, तिथं दोन शब्द ऱ्हायले तुमचे."

भाऊंनी पेन काढलं. "सांगा."