मास्तर, एवढं बसवून घ्या

आमच्या मास्तरांनी आयुष्यात एकदाही घड्याळ बघून काही केलं नसेल, आणि तरी त्यांना कधी कुठं उशीर झाला असं रेवसच्या धक्क्यावरचं कुत्रंसुद्धा म्हणणार नाही. दाढी, आंघोळ, देवाला फूल, दुपारची झोप, सगळं खाडीच्या पाण्यावर. पाणी भरलं की माणूस जागा, पाणी ओसरलं की माणूस आडवा. त्यामुळे कधी उजाडताना त्यांच्या गालाला साबण लागलेला दिसायचा, तर कधी ऐन जेवणाच्या वेळेला. आणि पोरांची शाळासुद्धा ते तशीच भरवायचे. आज न्याहारीच्या वेळेला, चार दिवसांनी भर दुपारी, आणि एखाद्या दिवशी दारातूनच हात हलवून, "आज शाला न्हाय. गाल वर आलाय, लाँच टेकंल." गाल म्हणजे खाडीतला गाळ. त्यांच्या पडवीपासून खाडी चांगली हाकेभर लांब आणि पडवीला शहाबादी फरशी. पण टेकंल म्हणजे टेकंल.

शाळा म्हणते आहे खरी, पण ती शाळा झाली माझ्या एका घोटाळ्यामुळे. मी परभणीकडची. सातवीत माझी शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला इथं एका मुंबईच्या मालकाच्या बंगल्यावर माळ्याचं काम लागलं म्हणून आम्ही समुद्राकाठी आलो. मालक महिना-दोन महिन्यांनी येतात. एरवी आम्ही तिघं, आणि चादरी टाकून झाकलेल्या खुर्च्या. मला बोलायची भारी हौस, पण मी "काय करायलाव?" म्हटलं की दुकानात बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. वाईट हेतूनं नसतील हसत. पण मी बोलणं कमी केलं, आणि माझं बघून माझ्या लेकीनं, कार्तिकीनं, बंदच केलं. घरात चिमणीसारखी चिवचिव, फाटकाबाहेर पाऊल पडलं की ओठ शिवलेले. मला रात्रंदिवस धास्ती. ही अशीच राहिली तर उद्या शाळेत बाई हिला मागं बसवतील, आणि मागं बसलेलं पोरगं कधी उठून घरी जातं ते कुणालाच कळत नाही. मला माहीत आहे. मी तशीच घरी आले होते.

तर एकदा हिराबायकडे सुकट घ्यायला उभी होते. हिराबाय म्हणजे आमच्या रस्त्याच्या तोंडाशी मासळी विकणारी कोळीण, आवाज असा की पलीकडच्या किनाऱ्याला ऐकू जावा. समोरून एक उंच, वाळलेला म्हातारा पांढरी टोपी घालून चालला होता. हिराबाय ओरडली, "ओ मास्तर, सोडे घ्या, सोडे! का पेन्शन सगली दाढीच्या साबनाला जाते?" मास्तर हा शब्द ऐकला मात्र, मला वाटलं देवच भेटला. दुसऱ्या दिवशी कार्तिकीची वेणी घालून, हातात नवी कोरी पाटी देऊन मी त्यांच्या पडवीपाशी उभी राहिले. कशीबशी म्हणाले, "मास्तर, एवढं लेकरू बसवून घ्या."

त्यांनी मान वर केली, कार्तिकीला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाकावर जरा सरकले आणि म्हणाले, "जागा हाय. बसा."

तीन दिवस मी आनंदात. चौथ्या दिवशी नवरा धक्क्यावरून आला तो डोक्याला हात लावून. "कुणाजवळ ठिवून आलीस गं लेकरू? तो मास्तर शाळेतला नाही, लाँचवरचा हाय! लाँच चालवणाऱ्याला हितं मास्तरच म्हणत्यात! जिंदगीभर मुंबईला भाऊच्या धक्क्याला लाँच नेली आन् आणली त्या माणसानं!" मी तशीच पदर सावरत पळाले. मास्तर घमेल्यात पाणी घेऊन बसले होते, कार्तिकी त्यात सुपारी टाकत होती.

"मास्तर, तुम्ही शाळेतले नाहीत?"

"मी कवा बोल्लू, हाय म्हनून?" ते शांतपणे म्हणाले. "तू बोल्लीस बसवून घ्या, मी बसवली. सगला जल्म लोकं मना ह्येच बोलत आली. जागा होती, न्हाय कशाला बोलू?"

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक मुंबईला, लाँचची नोकरी संपलेली. त्या पडवीत जागा होती हे खरंच होतं. हिराबायला ही गोष्ट कळली तशी ती पोटाला धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी आपला नातू आणून सोडला. "ह्याला पन बसवा. घरी ऱ्हायला तर मासली उलथून टाकतो." मग अयान आला, त्याचे वडील दुबईला. मग आणखी दोघं-चौघं. फळा नाही, फी नाही, नाव नाही. दोन लांब बाकं समोरासमोर, पुढं भंगारातल्या टेम्पोचं स्टीअरिंग, आणि एकुलतं एक नारिंगी लाइफ जॅकेट, जे ज्याचं नाक स्वच्छ त्याला मिळायचं.

मास्तरांना शाळा कशी असते ते माहीत नव्हतं आणि लाँच कशी असते ते पुरेपूर माहीत होतं, म्हणून त्यांनी पोरांना लाँचच शिकवली. एरवी त्यांचं बोलणं इथलं, पण टोपी चढवून स्टीअरिंगपाशी बसले की भाषा एकदम सरकारी व्हायची, आणि दीड-दोन हात उंचीच्या पोरांना ते अहो-जाहो करायचे. "अहो पॅसेंजर, नाक पुसा. प्रवाशांनी कृपया एका बाजूला गर्दी करू नये, लाँच कलंडेल." मग कोण जड, कोण हलकं ते पोरं एकमेकांना उचलून ठरवायची आणि दोन्ही बाकांचं वजन सारखं करायची. हिराबायच्या नातवासमोर दोघं बसवावी लागत. घमेल्यात लिंबू तरंगतं का, खडा बुडतो का, मास्तरांची चप्पल काय करते, हा एक तास. शिंपले लहान-मोठे लावायचे, हा एक. दोराची गाठ मारायची आणि दुसऱ्यानं सोडवायची, हा एक, आणि तो कुणाच्या तरी वेणीपाशी संपायचा. लाँचच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, म्हणून प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला लाल दोरा आणि उजव्याला हिरवा. अयानची आई विचारायला आली, हा कसला गंडा? मास्तर म्हणाले, "गंडा न्हाय. रातचा समोरून दुसरा अयान आला तर ठोकर नको."

रडणाऱ्या पोराचं तर त्यांना कौतुकच. दुसरा कोणी गप्प करायला धावेल. हे कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "भोंगा चांगला हाय, पन नियमानं वाजवा. एक लांब, दोन आखूड." पोरगं बिचारं एक लांब हुंदका द्यायचं, मग दोन आखूड काढायला जायचं आणि तिथंच हसू फुटायचं. मी हे एकदा घरी, भांडी घासताना, माझ्यावर करून बघितलं. लांब जमला. आखूड नाही जमले.

वेळेचा मात्र मला फार त्रास व्हायचा. मी काळजीखोर बाई, मला सगळं आधी कळायला हवं. एकदा विचारलं, "मास्तर, आज किती वाजता आणू?" तर म्हणाले, "आज भांग हाय. आज टायमाचा काय न्हाय, कवा बी ये." माझ्या पायाखालची फरशी सरकली. म्हातारा माणूस, एकटा राहतो, आणि भांग! कार्तिकीला कडेवर घेऊन तशीच माघारी फिरले. हिराबायला हळूच सांगितलं, तर तिच्या हातातला बोंबील खाली पडला. "अगो येडे! भांग म्हंजी पानी! अष्टमीच्या टायमाला पानी जास्त चरत न्हाय, जास्त उतरत न्हाय. लाँच कवा बी सुटते." मग अख्ख्या बाजारभर ती गोष्ट. पण त्या दिवसापासून बाया मला हाक मारून बोलवायला लागल्या. "काय गो भांगवाली, बस ना जरा." मी बसू लागले. हसू तेच होतं, फक्त मला त्यात जागा मिळाली.

आता मूळ गोष्ट. मास्तरांच्या लाँचचा एक नियम फार कडक. दोर सोडण्याआधी प्रत्येक पॅसेंजरनं कुठं जायचं ते मोठ्यानं सांगायचं. सांगितल्याशिवाय लाँच सुटत नाही. हिराबायचा नातू ओरडायचा, "भाऊचा धक्का, मासली इकाया!" अयान रोज "दुबई, अब्बाकडं." कुणी मामाकडं, कुणी चॉकलेटच्या दुकानात. आणि कार्तिकीची पाळी आली की सगळं थांबायचं. पोरं कालवा करायची, "मास्तर, ही बोलत न्हाय! हिला उतरवा!" मी पायरीवर बसलेली असायची, घरी तरी काय होतं? मला वाटलं, झालं, इथंही मागं बसवणार.

एके दिवशी मास्तरांनी टोपी मागं सारली, तिच्याकडे बघितलं आणि खांबाला बांधलेल्या दोराचं टोक तिच्या हातात दिलं. "ही पॅसेंजर न्हायच. ही खलाशी. खलाश्याला तिकीट लागत न्हाय, आन् कुठं जायचं ते त्याला कुनी इचारत न्हाय."

त्यानंतर कार्तिकी ऐटीत दोर सोडायची, ऐटीत बांधायची. एक शब्द नाही. पोरंही विसरून गेली की ती बोलत नाही. पावसाळ्यात लाँच दुरुस्तीला निघाली, म्हणजे पोरांनी बाकांना निळा रंग दिला आणि त्याहून जास्त मास्तरांना. तेव्हाही ही गप्प. मास्तरांनी मला कधी विचारलं नाही आणि तिला कधी "बोल" म्हटलं नाही.

त्या दिवाळीला मालकांकडे पाहुणे आले, आमचं गावी जायचं राहिलं. मी चेहऱ्यावर दाखवलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर पडवीत लाँच पुन्हा भरली, सगळ्यांचं सांगून झालं, मास्तर म्हणाले, "खलाशी, दोर सोडा." कार्तिकीनं दोर सोडला नाही. घट्ट धरून उभी. पुन्हा म्हणाले, "सोडा, पानी उतरंल." तशी ती म्हणाली, "परभणी."

मोठ्यानं नाही. पण सगळ्यांनी ऐकलं.

मास्तरांनी टोपी नीट केली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आजची लाँच परभणीला जाईल." आणि मान वाकवून हळूच मला, "गो बाय, परभनीला पानी हाय का?"

माझ्या तोंडात पदराचा बोळा. म्हटलं, "गंगा आहे, मास्तर. गोदावरी. पण आमच्यापासून लांब आहे."

"पानी हाय ना? मंग झाला."

अयान कुरकुरला, "मंग दुबई?"

"येताना लागंल," मास्तर म्हणाले आणि भोंगा दिला. एक लांब, दोन आखूड.

परभणीला उतरल्यावर कार्तिकी थांबेचना. पडवीचा खांब म्हैस झाला, "मारती बरं का ती, लांबून बगा." पाण्याचा हंडा तिची आजी झाला, आणि हिराबायच्या नातवानं आजीला मासळी विकायचा प्रयत्न केला तेव्हा कार्तिकी म्हणाली, "आजी माळकरी हाय." सगळं आमच्या गावच्या बोलीत. कोणी हसलं नाही. पोरं हसली, पण ती म्हैस मारते म्हणून.

पुढच्या जूनला ती मोठ्या शाळेत गेली. बाईंनी सांगितलं, उजवा हात वर करा. कार्तिकीनं आधी दोन्ही मनगटं बघितली, हिरवा दोरा शोधला, आणि हात वर केला. पहिल्या ओळीतून. ते मी खिडकीतून पाहिलं.

पडवी मात्र हळूहळू रिकामी झाली. पोरं मोठी झाली, नवी पोरं भिंतींवर ससे काढलेल्या नर्सरीत जायला लागली, तिथं व्हॅन न्यायला येते आणि वेळेवर येते. मास्तर एकदा शेवाळावरून घसरले. लेक मुंबईहून आली आणि म्हणाली, बाबा, आता पुरे. मास्तरांनी भरती बघून पिशवी भरली.

धक्क्यावर आम्ही सगळे गेलो होतो. लाँचवर नवीन पोरगा होता, त्याला मी म्हटलं, "दादा, एवढं बसवून घे नीट." बोलल्यावर माझं मलाच कळलं मी काय बोलले. मास्तर लाँचच्या बाकावर बसले, पहिल्यांदाच पॅसेंजर म्हणून, हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. कार्तिकी काठावर शाळेच्या कपड्यात उभी. तिनं खणखणीत विचारलं, "मास्तर, कुठं जायचं? बोलल्याबिगर लाँच सुटत न्हाय."

मास्तरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. लेकीकडे बघितलं, मग रेवसकडे, मग खाली पाण्याकडे.

कार्तिकी मग म्हणाली, "मंग तुमी खलाशी. खलाश्याला कुनी इचारत न्हाय."

मास्तर हसले, उठले, आणि त्या पोराच्या हातून दोर घेऊन त्यांनी स्वतः सोडला.

आता पडवीला कुलूप आहे. बंगल्याच्या गच्चीवरून खाडी दिसते, आणि पाणी भरलं की मी चादरी झटकायच्या निमित्तानं वर जाते. मास्तरांचा फोन येतो, लेकीच्या घरून, अकराव्या मजल्यावरून. तिथून समुद्र दिसत नाही म्हणतात, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला, "पानी किती हाय?" मी सांगते, भरलंय. एकदा ओहोटी होती तरी भरलंय म्हटलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. लगेच पकडलं. "खोटा बोलू नको. मना तिथी कलते." मग मी म्हटलं, मास्तर, तुम्हाला भेटायला यावं म्हणते, पण मला तिकडचं काही कळत नाही, कधी येऊ, किती वाजता येऊ?

मास्तर म्हणाले, "आज भांग हाय, बाय. कवा बी ये."